जमीन बसली, हे कोणी ठरवले?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये, आमराई वॉर्डात, एक राहते घर जमिनीत गेले. भिंती हादरल्या, माणसे आवाजाने सावध होऊन बाहेर धावली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घर उभेच्या उभे खाली उतरले. खड्ड्याची खोली बातम्यांत साठ फुटांपासून ऐंशी फुटांपर्यंत सांगितली गेली. वस्तीच्या पोटात जुन्या भूमिगत खदानीचे काम झालेले होते. आजूबाजूच्या घरांतल्या कुटुंबांना घाईघाईने हलवावे लागले.

त्यानंतर जे बोलले गेले, आणि आजही चंद्रपूर, वणी, बल्लारपूर या पट्ट्यात जे ऐकू येते, त्याचा प्रतिवाद मला करायचा आहे. हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नाही. शिकलेली माणसे, बांधकाम व्यवसायातली माणसे, कधीकधी खदानीत आयुष्य काढलेली माणसेही तो मांडतात. त्यांचे म्हणणे असे: खदान बंद होऊन इतकी वर्षे झाली, जमीन बसायची ती केव्हाच बसली, एखादे घर गेले तो अपवाद. शिवाय लोकांना खदानीच्या डोक्यावर घरे बांधायला सांगितले कोणी? आणि खाली कुठे पोकळी आहे, कुठे नाही, याचे नकाशे वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) या सरकारी कोळसा कंपनीकडे आहेतच. जाणकारांना सगळे ठाऊक आहे.

या म्हणण्यातल्या प्रत्येक भागात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून राहिले आहे. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आपल्याकडच्या पद्धतीने खणलेल्या खदानीचा धोका नुसती वर्षे लोटल्याने कमी होत नाही. वर्षांबरोबर कमी होते ती त्या खदानीबद्दलची माहिती.

‘जमीन बसली’ हा युक्तिवाद आधी घेऊ, कारण बाकीचे सारे त्याच्याच आधारावर उभे आहे. तो पूर्ण खरा आहे, पण दुसऱ्या प्रकारच्या खदानीबाबत. लाँगवॉल पद्धतीत कोळशाचा अख्खा पट्टा काढून घेतात आणि मागचे छत मुद्दाम पडू देतात. तिथे वरची जमीन काही दिवसांत, फार तर काही महिन्यांत खाली येते. दोनेक वर्षांत हालचाल जवळपास थांबते. इंग्लंडमधल्या विसाव्या शतकातल्या बऱ्याच खाणींचे असे झाले, आणि ‘जमीन बसते’ हे सूत्र पाठ्यपुस्तकांत तिथूनच आले.

आपल्या पट्ट्यातल्या, म्हणजे वर्धा खोऱ्यातल्या जुन्या भूमिगत खदानी मात्र बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढायच्या आणि मधे कोळशाचे चौकोनी खांब ठेवायचे. छत त्या खांबांवर तोललेले. शेवटी हे खांबही काढून घ्यायचे आणि मोकळ्या जागेत वाळू भरायची किंवा छत पाडायचे, असा पूर्ण क्रम असतो. वर वस्ती, रस्ता, रेल्वे, नदी असली की खांब तसेच सोडून खदान बंद करतात. म्हणजे जिथे वर माणसे राहतात, नेमक्या तिथेच खाली जमीन ‘बसू’ दिलेली नसते. ती टेकवलेली असते. कशावर, तर हवा आणि पाणी लागताच झडू लागणाऱ्या कोळशावर.

१९५७ च्या कोळसा खाण नियमांनी गॅलरीची रुंदी जास्तीत जास्त ४.८ मीटर आणि उंची ३ मीटर ठरवून दिली. तेवढ्याच मापाची एक गॅलरी डोळ्यांसमोर आणा. वरची शेलची लादी सुटून पडते. पडलेला दगड मूळच्यापेक्षा जास्त जागा व्यापतो, कारण तुकड्यांमध्ये फटी राहतात. ही फुगवट २५ टक्के धरली, तर ३ मीटरची पोकळी भरून निघायला वरचा १२ मीटर खडक पडावा लागतो. तेवढा पडला की ढिगारा छताला टेकतो आणि पडझड थांबते. डोक्यावर चाळीस मीटर पक्का वालुकाश्म असेल, तर वर राहणाऱ्याला काही कळणारही नाही. ‘जमीन बसली’ म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे संपतो.

आता तोच हिशेब चौकात करून पाहा, जिथे दोन गॅलऱ्या एकमेकींना छेदतात. तिथे पडलेला ढिगारा रचून राहत नाही. चारी बाजूंच्या गॅलऱ्यांत घरंगळतो. पाणी वाहत असेल तर त्यातला बारीक भाग वाहूनही जातो. पोकळी भरत नाही, वर सरकत राहते: आज एक लादी, चार पावसाळ्यांनी आणखी एक. बारा मीटरचे वीस होतात, पंचवीस होतात. आपल्या खोऱ्यातला मुख्य थर पुष्कळ ठिकाणी १५ मीटरहून जाड आहे. त्यातला एखादाच पट्टा गॅलऱ्यांनी काढला, तर उरलेला कोळसाही छत म्हणून पडत जातो. अशी सरकती पोकळी एके दिवशी वरच्या मऊ मातीला भिडते. मग जे होते त्याला वेळ लागत नाही, कारण माती पुलासारखी ताणून राहू शकत नाही. पन्नास वर्षे काहीच झाले नाही, याचा अर्थ इथे ‘स्थिर आहे’ असा लागत नाही. ‘अजून वर पोचली नाही’ असाही लागू शकतो, आणि जमिनीवर उभे राहून या दोहोंत फरक सांगता येत नाही.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा पाण्याचा आहे आणि तो मला मान्य आहे. खदान बंद झाली की पंप थांबतात आणि पोकळ्या पाण्याने भरतात. भरलेले पाणी छताला थोडा आधार देते, हवा अडवते, कोळसा आपोआप पेटण्याचा धोका घालवते. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाला हवेत तापून पेटण्याची खोड आहे, तेव्हा हा फायदा लहान नाही. मात्र हे सगळे पाणी जागेवर राहील तोवरच. शेजारी खुली खदान सुरू झाली आणि तिचे पंप दिवसरात्र चालू लागले, की जुन्या गॅलऱ्यांतली पातळीही उतरू शकते. पावसाळ्यात ती पुन्हा चढते. ओले होणे आणि सुकणे यांच्या या फेऱ्यांत शेल आणि चिकणमातीचे पट्टे पिठासारखे सुटतात. इतिहासजमा झालेली खदान शेजारच्या चालू खदानीच्या पंपाला बांधलेली असते, हे आपल्या चर्चेत येतच नाही.

विदर्भात आणखी एक सोयीचे उत्तर तयार असते. भिंतीला भेग पडली की म्हणायचे, काळी माती आहे. काळी माती फुगते आणि आकसते हे खरे. तिने घरे चिरतात हेही खरे. पण तिच्या भेगा ऋतूंबरोबर चालतात. वैशाखात रुंदावतात, श्रावणात मिटतात. खदानीमुळे पडलेली भेग मिटत नाही. ती वर्षागणिक एकाच दिशेने वाढते, आणि पुष्कळदा एका घराची भेग शेजारच्या घराच्या भेगेशी, मधल्या रस्त्याच्या खचलेल्या पट्ट्याशी एका रेषेत येते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून आणि दोन्ही बाजूंना खुणा करून वर्षभर अंतर मोजले, तरी पुष्कळ काही कळते. याला मोठे यंत्र लागत नाही, वही लागते. अशा वह्या कोळसापट्ट्यातल्या नगरपालिकांनी ठेवाव्यात, हे मागणे फार नाही.

दुसरा आक्षेप: लोक नंतर आले. चंद्रपूर शहरापुरते तर हे उघड खोटे आहे. खांडक्या बल्लाळशहाने इथे नगर वसवले ते पंधराव्या शतकात. परकोटाचे काम सुरू झाले तेही त्याच काळात. महाकाली, लालपेठ, रय्यतवारी ही कॉलऱ्यांची नावे घ्या: देवीचे ठाणे, पेठ, रयत. नावेच सांगतात की माणसे आधीपासून होती. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून येणाऱ्या माणसांची वाट कोळसा निघण्याच्या कितीतरी आधीची आहे. इथे शहर खदानीवर चढले नाही, खदान शहराखाली शिरली.

घुग्घुससारख्या ठिकाणी गोष्ट गुंतागुंतीची आहे, हे कबूल. मूळ गाव लहान; खदानीने माणसे आणली, छत्तीसगडमधून, तेलंगणातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून. क्वार्टर सगळ्यांना पुरले नाहीत. क्वार्टरांच्या कडेने वस्ती वाढली आणि त्यातली काही घरे कंपनीच्या ताब्यातल्या जमिनीवर उभी आहेत. पण या घरांना ‘अतिक्रमण’ म्हटले म्हणजे प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे मानणारे एक कायदेशीर बाब विसरतात. १९५७ च्या कोळसा धारक क्षेत्र कायद्याखाली सरकार जमीन पूर्ण संपादित करू शकते, तसेच जमीन मालकाकडेच ठेवून केवळ खाली खणण्याचा हक्क घेऊ शकते. भूमिगत खदानीसाठी हा दुसरा मार्ग स्वस्त पडतो. त्या वेळी वरची जमीन शेतकऱ्याची राहते, तो ती विकतो, तिचे प्लॉट पडतात, अकृषक परवानगी मिळते, घर बांधले जाते. यात कोणी बेकायदा काही केलेले नसते. सातबाऱ्यावर पिके असतात, बोजा असतो, विहीर असते. तीस मीटर खाली काय आहे, त्याची ओळ नसते. ज्याला कोणीच सांगितले नाही, त्याला ‘तुला कळायला हवे होते’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते मी सौम्य शब्दांत सांगणार नाही.

आता नकाशांकडे. ‘नकाशे आहेत’ या वाक्यात जो निश्चिंतपणा आहे, तो जगभरच्या खाणींच्या इतिहासाने वारंवार खोटा ठरवला आहे. ब्रिटनमध्ये सोडून दिलेल्या कोळसा खाणीचा नकाशा सरकारकडे जमा करण्याची सक्ती १८७२ च्या कायद्याने आली. त्याआधीच्या शेकडो वर्षांच्या खणाईचा पुरा कागद कोणाकडेच नाही. भारतात पहिला खाण कायदा १९०१ चा; तपासणीचे कार्यालय १९०२ मध्ये कलकत्त्यात उघडले आणि पुढे धनबादला गेले. आपल्या जिल्ह्यातली वरोऱ्याची सरकारी खदान १८७० च्या दशकात सुरू झालेली. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यावरचा भूशास्त्रीय ग्रंथ १८७७ चा, आणि वर्धा ते वरोरा रेल्वेही त्याच दशकात कोळशासाठीच आली. म्हणजे वरोऱ्याच्या खणाईची पहिली पंचवीस-तीस वर्षे कायद्याच्या आधी गेली. १९०६ मध्ये ती खदान बंद झाली. आज मराठी माणसाला वरोरा म्हटले की आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांत एका गावाच्या नावातून एक अख्खी खदान पुसली जाऊ शकते, हे त्यातूनच दिसते. वरोऱ्यात प्लॉट घेणाऱ्याला त्या गॅलऱ्या कुठवर गेल्या होत्या, हे कोणता कागद सांगतो?

नकाशा असणे आणि तो अखेरचा असणे यांतही अंतर आहे. २००२ च्या जुलैत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात क्वेक्रीक खाणीचे कामगार नकाशा पाहूनच खणत होते. नकाशाप्रमाणे शेजारची जुनी सॅक्समन खाण पुरेशी लांब होती. प्रत्यक्षात बंद होण्यापूर्वी तिथे आणखी कोळसा काढला गेला होता आणि ते काम त्या नकाशावर चढलेले नव्हते. भिंत फुटली, साचलेले पाणी आत घुसले आणि नऊ जण अडकले. त्यांना ७७ तासांनी जिवंत वर काढले. खाणीचा अखेरचा नकाशा नंतर सापडला, तो एका संग्रहालयाच्या कागदपत्रांत. कामाच्या टेबलावर जो कागद हवा होता, तो स्मरणवस्तू म्हणून जपलेला होता.

आपल्याकडचे उदाहरण राणीगंजचे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी महाबीर खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या कामातून लोंढा शिरला. सहा कामगार बुडाले. जसवंतसिंग गिल यांनी जमिनीतून भोक पाडून लोखंडी कॅप्सूलमधून ६५ जणांना एकेक करून वर आणले, म्हणून ते नाव लोकांच्या लक्षात राहिले. गिल यांचे धैर्य आठवताना त्या लोंढ्याचे मूळ आपण विसरतो. त्याच राणीगंज पट्ट्यातल्या खचणाऱ्या वस्त्यांसाठी खासदार हराधन राय १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातून २००९ मध्ये झरिया-राणीगंजचा मास्टर प्लॅन मंजूर झाला: ९,७७३ कोटी रुपयांचा. एवढा खर्च मान्य करावा लागला, कारण १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वी अनेक खासगी मालकांनी उथळ थरांतून जमेल तसा कोळसा ओरबाडला, खांब बारीक केले, आणि त्या कामांचे विश्वासार्ह नकाशे मागे ठेवले नाहीत. वर्धा खोऱ्यातल्या बहुतेक जुन्या कॉलऱ्याही राष्ट्रीयीकरणापूर्वी खासगी हातांत होत्या. ‘कंपनीकडे नकाशे आहेत’ म्हणताना, वेकोलि १९७५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्याकडे आलेला दस्त हा दुसऱ्यांनी सोडलेला आहे, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पूर्वपक्षातले एक म्हणणे राहिले, आणि ते वरकरणी बिनतोड दिसते. ब्रिटनमधल्या जवळपास चतुर्थांश घरांखालची जमीन कोळसापट्ट्यात मोडते. तिथे लोक राहतातच ना? राहतात. पण कसे, ते पाहा. तिथे १९९४ च्या कायद्याने बंद खाणींची जबाबदारी घेणारे स्वतंत्र प्राधिकरण आहे. खाणींची पावणेदोन लाखांच्या आसपास तोंडे त्याच्या नोंदीत आहेत. घर विकत घेताना वकील खाणीचा अहवाल मागवतो. आणि इतके असूनही चूक होते. एडिंबरोजवळच्या गोअरब्रिज गावात नगर परिषदेने २००९ च्या सुमारास ६४ घरांची नवी वसाहत पुरी केली. २०१३ मध्ये रहिवासी आजारी पडू लागले. खालच्या जुन्या कामातला कार्बन डायऑक्साइड जमिनीतून घरांत शिरत होता. असा वायू हवेचा दाब उतरला की जास्त वर येतो. म्हणजे वादळी हवेत, दारे-खिडक्या लावून माणसे आत बसलेली असतात तेव्हाच. पायाखाली वायुरोधक पडदा घातलेला नव्हता. सगळी ६४ घरे पाडावी लागली. नकाशे, कायदा आणि प्राधिकरण असलेल्या देशातली ही अवस्था. ब्रिटनचे उदाहरण आपल्याला स्वस्थ राहण्याची मुभा देत नाही.

मग मंडन काय करायचे? वस्त्या उठवा, असे मी म्हणत नाही. कोळसापट्ट्यातले प्रत्येक घर धोक्यात आहे, असेही नाही; खोल काम, मोठे खांब आणि पक्के छत असलेल्या जागी पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहता येईल. पण कोणती जागा कोणत्या प्रकारची, हे जागानिहाय सांगता आले पाहिजे. ते ‘जमीन बसली असेल’ या अंदाजावर सोडता येणार नाही. त्यासाठी जुने खदान-नकाशे कपाटातून काढून गट क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांकांवर बसवायला हवेत, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात ‘खाली भूमिगत काम, खोली इतकी’ अशी नोंद यायला हवी. नकाशा नसेल तर तसेही लिहावे. ‘नकाशा उपलब्ध नाही’ हीदेखील घर बांधणाऱ्याच्या उपयोगाची माहिती आहे. अशा जागी बांधकाम परवानगीपूर्वीचे बोअर पायाच्या खोलीवर न थांबता कोळशाच्या थराखालपर्यंत गेले पाहिजे. आणि शेजारच्या खुल्या खदानीला पाणी उपसण्याची परवानगी देताना जुन्या कामांतली पाणीपातळी मोजण्याची अट घातली पाहिजे.

यावर सांगतील की जमिनीच्या किमती पडतील. काही ठिकाणी पडतील. आज ती किंमत शेवटी घर घेणारा एकटा भरतो, आणि ती भरताना त्याला माहीतही नसते. ब्रिटनमध्ये अहवाल हातात घेऊनही घरे विकली जातात. न सांगितल्यानेच बाजार चालतो, हा समज तिथे टिकलेला नाही.

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात पैसे ठेवण्याची सक्ती केली. त्याआधी बंद पडलेल्या खदानी या व्यवस्थेबाहेर राहिल्या होत्या; त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. कागदावरची वाट आता मोकळी आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या प्रशासनाने वेकोलिकडून २००९ पूर्वीच्या प्रत्येक भूमिगत कामाची यादी नकाशासह मागवावी, खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा असलेल्या प्रतींशी ती ताडून पाहावी, आणि दोन्हींत जिथे फरक पडेल त्या जागांपासून बोअर मारायला सुरुवात करावी. त्या यादीत वरोऱ्याचे नाव पहिले असावे.